खुलासा : पोस्टग्रेस डेटाबेसच्या रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरच्या प्रतीवर) ओळी ‘गायब’ होण्याबद्दल

नवी लिनक्स आवृत्ती टाकलेल्या रेप्लिकावर नावाने शोधलं की ओळी सापडत नाहीत, म्हणजे स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (मुख्य सर्व्हरचे बदल रेप्लिकाकडे सतत पाठवणाऱ्या यंत्रणेने) डेटा गिळला, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ओळी बहुधा टेबलात जागेवरच असतात; फसतो तो मजकुराचा इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठी क्रमाने लावलेली सूची. २०१८ साली आलेल्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, जिच्याकडून अक्षरक्रम घेतला जातो) २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम बदलला. प्रायमरी (मुख्य) सर्व्हर जुन्या क्रमाने इंडेक्स रचतो, रेप्लिका त्यातच नव्या क्रमाने शोधते. चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) काहीच बोलत नाही, कारण बाइट जसेच्या तसे पोचलेले असतात! रेप्लिकावर ॲमचेक (इंडेक्स तपासणारं पोस्टग्रेसचं साधन) चालवून खात्री करा. आणि कृपया, घाईत तिला प्रायमरी करू नका. युनिक इंडेक्स (एक मूल्य एकदाच येऊ देणारा) असूनही दुबार नोंदी शिरू शकतात. दोन्हीकडे ग्लिबसी एकच ठेवा. बढती देऊन झाली असेल, तर नव्या नोंदी थांबवून आधी रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्याने रचा.