‘तंबाखू एकट्यानेच सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘तंबाखू सोडताय? आधी ही सात सत्ये वाचा!’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. वर ‘नामवंत डॉक्टरांचा सल्ला’ असं ठळक अक्षरात लिहिलंय. डॉक्टरांचं नाव, गाव, डिग्री, कशाचाच पत्ता नाही. खाली एका चूर्णाची जाहिरात आणि मोबाईल नंबर. एरवी असलं काही आलं की मी न वाचता उडवतो. हा मेसेज आमच्या साडूंनी पाठवला, आणि सोबत एक ओळ लिहिली: ‘वाचा. म्हणून परत चालू केली.’ साडू साखर कारखान्यात फिटर आहेत. वर्कशॉपमधल्या आणखी तिघांबरोबर त्यांनी तंबाखू बंद केली होती आणि चांगलं चाललं होतं. तेव्हा आता सविस्तरच लिहितो.

सात सत्यं थोडक्यात अशी. एक, तंबाखू अचानक सोडली तर शरीराला झटका बसतो, अटॅकसुद्धा येऊ शकतो. दोन, धूर नाही म्हणजे धोका नाही, स्वीडनमध्ये लोक रोज ओठात तंबाखू धरतात. तीन, चुन्यातून कॅल्शियम मिळतं आणि मिश्रीने हिरड्या घट्ट होतात. चार, मित्रांबरोबर गट करून सोडू नका, एक घसरला की सगळे घसरतात. खरा मर्द एकटा, कुणाला न सांगता, मनाच्या जोरावर सोडतो. पाच, तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही. सहा, वीस वर्षं खाल्ली असेल तर व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय. सात, घरच्यांनी गुपचूप चहात चूर्ण मिसळावं.

क्रमाने जात नाही. साडूंना घेऊन बुडाला तो चौथा मुद्दा, म्हणून आधी तो.

हे लिहिणाऱ्याने तंबाखू मळणारा माणूस जवळून बघितलेला दिसत नाही. सिगारेट माणूस एकटा ओढू शकतो. तंबाखूचं तसं नाही. वर्कशॉपमध्ये कुणी डबी उघडली, तळहातावर चिमूट घेतली, नखाने चुना लावला आणि अंगठ्याने मळायला सुरुवात केली की तोवर आजूबाजूचे दोन-तीन हात पुढे आलेले असतात. दुसऱ्या हाताने थाप मारून धूळ उडवायची, मग आधी समोरच्याला द्यायची आणि उरलेली आपल्या गालात. ‘मळ की’ म्हटलं की बोलणं सुरू होतं. नवा माणूस शिफ्टला आला तर ओळखही चिमटीनेच होते. एसटी डेपोत हेच, बांधावर हेच, विदर्भात खर्र्याच्या पुडीभोवतीही हेच. आता अशा ठिकाणी एक माणूस कुणाला न सांगता सोडायला निघाला, तर होतं काय? दिवसातून दहा वेळा त्याच्यापुढे हात येतो. तो नाही म्हणतो. समोरचा विचारतो, ‘का रे, उपास आहे का?’ दोन दिवस टोलवतो, तिसऱ्या दिवशी घेतो. यात मर्दानगीचा काय संबंध?

साडूंच्या चौघांनी पहिलं काम काय केलं असेल तर ते सगळ्या शिफ्टला सांगून टाकलं: आम्हाला विचारायचं नाही, आमच्या समोर मळायची नाही. लेथच्या वरच्या फळीवर सगळ्यांची मिळून चुन्याची डबी असायची, ती काढली आणि तिथे फुटाण्याची बरणी ठेवली. तलफ आली की चौघांपैकी कुणालाही हाक मारायची आणि दहा मिनिटं काढायची. तलफेचा जोर सहसा काही मिनिटांतच ओसरतो. ती मिनिटं काढायला माणूस लागतो, व्याख्यान नको. बस, एवढाच त्यांचा ‘गट’. ना फी, ना फॉर्म.

आता कबूल करायचं ते करतो. एक घसरला की बाकीचे घसरतात, यात अर्धं सत्य आहे. साडूंच्या चौघांतला एक लग्नाच्या हळदीला गेला आणि तिथे खाऊन आला. त्याने ते लपवलं, आणि आठवड्याभरात दुसराही त्याच्या मागे गेला. पण घोटाळा लपवण्याने झाला. ज्या गटात घसरलेल्याला हसतात, किंवा जो गट तंबाखू सोडल्यावरही त्याच टपरीवर उभा राहतो, तो बुडणारच. घसरलेल्या माणसाने त्याच संध्याकाळी सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘बरं, आत्तापासून परत’ एवढंच म्हणायचं, हा नियम नसेल तर चार जणांनी एकत्र बसून उपयोग नाही.

हे माझ्या मनाचं सांगत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता वगैरे मंडळींनी केरळातला एर्नाकुलम, आंध्रातला श्रीकाकुलम आणि गुजरातेतला भावनगर या जिल्ह्यांत ३६ हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या लोकांवर मोठा प्रयोग केला. घरोघर जाऊन तोंड तपासायचं, माणसाशी समोर बसून बोलायचं, आणि पुन्हा पुन्हा जायचं. जोडीला फिल्म, रेडिओ, पेपर. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यात तंबाखू सोडणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं, आणि तोंडात नव्याने पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण उतरलं. ते बोलणारे मित्र नव्हते, अभ्यासक होते, हे मान्य. पण ‘कुणाला न सांगता’ हा मंत्र तिथेच निकालात निघतो. कुणीतरी परत येऊन विचारणार आहे, हे माहीत असलं की माणूस टिकतो. पुढे धूरविरहित तंबाखू सोडण्यावरच्या जगभरच्या चाचण्या ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने एकत्र तपासल्या, त्यातही समुपदेशनाचा, फोनवरून आधार देण्याचा उपयोग होऊ शकतो असंच दिसलं.

आणि आपल्याकडे तर हे कुणी नव्याने सांगायला नको. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं आहे. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला माणूस नव्याचा हात धरतो, ही तिथली रीत. गडचिरोलीत डॉ. अभय बंगांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ सुरू झालं ते दारू आणि तंबाखू दोन्हींसाठी, आणि तिथेही काम गावाच्या संघटनेवर उभं आहे. मेसेजवाल्या ‘नामवंतां’ना यातलं काहीच ऐकू आलं नसावं.

आता पहिला मुद्दा, अटॅकचा. हा दारूवरून उचललाय. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवावर बेततं. तिथे डॉक्टर हवाच. तंबाखूतल्या निकोटिनचं तसं नाही. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, भूक वाढते, मन उदास होतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. घरच्यांनी तेवढे दिवस बोलणी खायची तयारी ठेवावी. फार जड जात असेल तर निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगम असतात, डॉक्टरांना विचारून घ्या. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय नकोच. निकोटिनवरची ही औषधं २०२२ पासून देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहेत. छातीत दुखलं तर मात्र ‘तंबाखू सोडल्यामुळे होतंय’ असं म्हणत घरी बसू नका.

चुन्याच्या कॅल्शियमवर काय बोलावं! चुना लावतात तो कॅल्शियमसाठी नव्हे. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटिन मोकळं होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात जातं. बिनचुन्याची तंबाखू ‘लागत नाही’ म्हणतात ते याचमुळे. म्हणजे चुना हा व्यसन घट्ट करणारा भाग झाला. वर तो त्वचा भाजतो, आणि जिथे रोज गोळी धरता तिथेच पांढरा चट्टा उठतो. कॅल्शियम हवं तर नाचणीची भाकरी खा, दूध प्या.

मिश्रीचं वाचून मात्र हसू आलं नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर चोळायची, हे आपल्याकडे बायका ‘दात घासणं’ म्हणून करतात, त्यामुळे तिला कुणी व्यसन समजतच नाही. सुटली तर डोकं चढतं, हातातलं काम सुचत नाही. तरी ते ‘दात दुखतात म्हणून’. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये बहुतेक मिश्रीवाल्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. हिरड्या घट्ट करणाऱ्यांनी हे आपल्या सुनेला वाचून दाखवावं. आणि हो, सोबतीने सोडायचा मुद्दा बायकांना जास्तच लागू आहे. पुरुषांना निदान टपरीवर कुणी हटकतं. मिश्री चोळणारीला विचारणारं कुणी नसतं, कारण सासूही चोळत असते. एकीने सोडायची तर दोघींनी सोडलेली बरी.

स्वीडनचं अर्धं खरं आहे. तिथल्या ‘स्नूस’वर, म्हणजे ओठात धरायच्या तंबाखूवर, वेगळी प्रक्रिया होते, कॅन्सर करणारे नायट्रोसामीन त्यात बरेच कमी असतात. त्या पुडीचा आणि आपल्या मळलेल्या तंबाखूचा, माव्याचा संबंध काय? मावा आणि खर्र्यात तर सुपारीही असते, आणि सुपारी एकटीच कॅन्सरकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखू आणि सुपारी दोन्ही पहिल्या गटात टाकल्यात, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे पक्कं. तेव्हा तंबाखू सोडून सुपारी चघळणाऱ्यांनी फार खूश होऊ नये. धूर नाही म्हणून फुफ्फुस वाचेल, ठीक. तोंड, अन्ननलिका, स्वादुपिंड यांचं काय? २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आपला प्रश्न धूर नसलेल्या तंबाखूचाच आहे.

पोट साफ न होण्याचं खरं आहे, झक मारून मान्य. निकोटिन आतड्यांना ढकलतं, ते बंद झालं की काही दिवस कोठा बसतो. सकाळी चिमूट तोंडात टाकून जाणाऱ्याला हे फार छळतं आणि बरेच जण इथेच परत फिरतात. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात भाकरी-पालेभाजी, रात्री इसबगोल. बहुतेकांचं काही आठवड्यांत जागेवर येतं. नाहीच आलं तर डॉक्टरकडे जा. पोटासाठी तंबाखू हा इलाज होऊ शकत नाही.

‘वीस वर्षं झाली, आता काय’ याला वरच्या ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासाचं उत्तर पुरे: त्यातले कितीतरी लोक वर्षानुवर्षं खाणारेच होते, तरी नवे चट्टे कमी झालेच. सुपारीमुळे तोंड उघडायचं कमी होतं ते मात्र सोडल्यावरही पूर्ववत होत नाही, म्हणून तर उशीर नको. स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी करून तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा, सोडली असेल तरी आणि नसेल तरी.

राहिलं चूर्ण. मेसेजमधल्या नंबरवर मी फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न: ‘पेशंट तुम्ही की घरचं कोणी?’ दुसरा: ‘दिवसाला किती पुड्या?’ मी विचारलं, यात आहे काय? ‘जडीबुटी.’ कुठली? ‘ते कंपनी सांगत नाही.’ माणसाला बीपीची, शुगरची गोळी चालू असेल तर? ‘काही होत नाही, फक्त त्याला कळू देऊ नका.’ बायकोने नवऱ्याच्या चहात न सांगता काहीतरी कालवायचं, हा सल्ला डॉक्टरच्या नावावर खपतोय. त्या माणसाला काही झालं तर दवाखान्यात काय खाल्लंय हेसुद्धा त्याला सांगता येणार नाही. आणि कळलं की घरात जो विश्वास उडेल तो वेगळाच.

फोनच करायचा तर तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे. तिथे बोलणारा माणूस सोडायची तारीख ठरवून देतो आणि पुढे स्वतः परत फोन करून विचारतो. चूर्ण कुणी आधीच मागवलं असेल तर ते चहात घालू नका. डबा ज्याच्यासाठी आणलाय त्याच्या समोर ठेवा आणि त्यालाच विचारा.