क्विस्लिंगचे सरकार कोणाच्या हातांनी चालले?

दुसऱ्या महायुद्धातील नॉर्वेच्या फितुरीविषयी बोलताना जर्मनांना सामील झालेल्या विडकुन क्विस्लिंग या एकाच माणसाच्या माथी सगळे पाप मारून मोकळे होण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. क्विस्लिंग दोषी होता, याबद्दल वाद नाही. परंतु परक्या सैन्याच्या जोरावर खुर्चीत बसवलेले सरकार एका माणसाच्या बळावर चालत नसते. त्याचे हुकूम लिहून काढणारे, पोहोचवणारे आणि अमलात आणणारे लोक बहुतांशी त्याच देशाचे असतात. त्यांनी केव्हा नकार दिला आणि केव्हा निमूटपणे काम केले, हा प्रश्न मला क्विस्लिंगच्या चरित्रापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य नॉर्वेत उतरले. ओस्लोच्या खाडीतील ऑस्कार्सबोर्ग किल्ल्याने ब्ल्यूशर ही जर्मन युद्धनौका बुडवल्यामुळे जे काही तास हाती लागले, त्यांत राजे सातवे हाकोन, मंत्रिमंडळ आणि संसद सदस्य राजधानीतून बाहेर पडू शकले. त्याच संध्याकाळी क्विस्लिंगने रेडिओवरून आपण सरकार स्थापन केल्याचे जाहीर केले. त्याच्या ‘नाशनाल सामलिंग’ पक्षाला १९३३ आणि १९३६ या दोन्ही निवडणुकांत संसदेत एकही जागा मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी जर्मन राजदूत ब्रॉयर याने एल्वेरुम येथे राजांची भेट घेऊन क्विस्लिंगला मान्यता देण्याची मागणी केली, तेव्हा राजांनी आपल्या मंत्र्यांना सांगितले की, तुम्हाला हे मान्य करणे भाग वाटत असेल तर मी सिंहासन सोडीन, पण ही नेमणूक माझ्या हातून होणार नाही. मंत्रिमंडळ राजांच्या पाठीशी उभे राहिले. क्विस्लिंगचे ते पहिले सरकार आठवडाभरही टिकले नाही; जर्मनांनीच त्याला बाजूला केले.

पुढे खरी सत्ता हिटलरने नेमलेल्या योसेफ टेरबोफेन याच्या हाती राहिली. १ फेब्रुवारी १९४२ रोजी आकेर्सहुस किल्ल्यात समारंभ करून क्विस्लिंगला ‘मंत्री-अध्यक्ष’ करण्यात आले, तेव्हाही टेरबोफेन जागचा हलला नाही. जर्मनीशी रीतसर शांतता करार व्हावा म्हणून क्विस्लिंग अखेरपर्यंत विनवण्या करीत राहिला आणि हिटलरने तो कधीच होऊ दिला नाही. एवढ्यावरून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की हे कळसूत्री सरकार केवळ शोभेचे होते. मला हा निष्कर्ष चुकीचा आणि घातक वाटतो. हुकूम ओळखीच्या भाषेत यावा, त्यावर आपल्याच खात्याचा शिक्का असावा आणि तो घेऊन दारात आलेला पोलीस आपल्याच शहरातला असावा, यात जर्मनांची फार मोठी सोय होती.

हे सरकार किती पोकळ ठरू शकते, ते शिक्षकांनी दाखवून दिले. सत्तेवर येताच, फेब्रुवारी १९४२ मध्येच, क्विस्लिंगने दोन कायदे केले: सर्व शिक्षकांनी सरकारी शिक्षक संघटनेत सक्तीने सामील व्हावे, आणि १० ते १८ वर्षांच्या मुलामुलींनी पक्षाच्या युवक संघटनेत सेवा करावी. एकेका व्यवसायाला असे बांधून घेत पुढे त्यांच्या प्रतिनिधींची सभा संसदेच्या जागी बसवायची, असा त्याचा बेत होता. देशातील सुमारे १४,००० शिक्षकांपैकी बहुसंख्यांनी एकाच मजकुराचे पत्र आपापल्या सहीने पाठवले. युवक संघटनेच्या धर्तीवरील शिक्षणात सहभागी होणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही आणि म्हणून आपण या संघटनेचे सदस्य होऊ शकत नाही, एवढेच त्यात म्हटले होते. सरकारने इंधनटंचाईचे कारण देऊन शाळा बंद केल्या, तेव्हा पालकांची निषेधपत्रे पोत्यांनी येऊन पडली. बिशपांनी सरकारी पदे सोडली. ईस्टरला बहुतेक धर्मगुरूंनीही तेच केले. मार्चमध्ये सुमारे ११०० शिक्षकांना अटक झाली आणि त्यांपैकी साडेसहाशेच्या आसपास जणांना उत्तर टोकाच्या किर्केनेसला बोटीने नेऊन मजुरीला जुंपण्यात आले. तरीही मागे राहिलेले बहुतांश शिक्षक वाकले नाहीत. मे महिन्यात स्टाबेक येथील शाळेत जाऊन क्विस्लिंग शिक्षकांवर ओरडला की, तुम्ही माझे सगळे उद्ध्वस्त केलेत. त्याचे म्हणणे खरे होते: संसदेच्या जागी नवी सभा बसवण्याचा बेत त्याला गुंडाळावा लागला, आणि शिक्षक सदस्य न होताच वर्गांत परतले.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. नॉर्वेत ज्यूंची संख्या जेमतेम दोन हजारांच्या घरात होती. जानेवारी १९४२ मध्ये नॉर्वेच्या पोलिसांनी त्यांच्या ओळखपत्रांवर ‘जे’ अक्षराचा शिक्का मारण्याचे काम सुरू केले आणि त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. नाव, पत्ता, व्यवसाय, कुटुंब, सारे नीट नोंदवले गेले. २६ ऑक्टोबरला ज्यू पुरुषांची धरपकड सुरू झाली आणि त्याच दिवशीच्या कायद्याने त्यांची मालमत्ता जप्त करण्यात आली. २६ नोव्हेंबरच्या पहाटे बायका, मुले आणि म्हातारी माणसे घरांतून उचलण्यात आली. ओस्लोतील ही कारवाई क्नुट रोड या नॉर्वेजियन पोलीस अधिकाऱ्याने आखली होती, आणि त्यासाठी शहरातल्या टॅक्सी घेण्यात आल्या होत्या. त्याच दिवशी ‘दोनाऊ’ हे जहाज पाचशेहून अधिक माणसांना घेऊन निघाले. युद्धकाळात नॉर्वेतून सुमारे ७७० ज्यू जर्मनांच्या छळछावण्यांत पाठवले गेले; परत आले ते चाळीसही नव्हते.

याच देशातल्या चर्चने नोव्हेंबरमध्ये क्विस्लिंगला निषेधाचे पत्र लिहिले होते आणि अनेक सामान्य कुटुंबांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना सीमेपलीकडे स्वीडनमध्ये पोहोचवले होते, हेही सांगितलेच पाहिजे. पण ज्या यंत्रणेवर सारे अवलंबून होते, त्या पोलीस खात्यात शिक्षकांसारखा सामूहिक नकार उभा राहिला नाही. शिक्षकांजवळ गुप्त संपर्काचे जाळे होते, एकमेकांचा आधार होता, आणि मुलांसाठी आपण उभे आहोत ही जाणीव होती. ज्यूंसाठी ते जाळे वेळेत हलले नाही, याचे मला अतोनात वाईट वाटते. पोलिसांना नकार शक्यच नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी गुन्नार आयलिफसेन हे नाव लक्षात ठेवावे. ऑगस्ट १९४३ मध्ये, सक्तीच्या मजुरीला हजर न झालेल्या मुलींना पकडण्यास नकार देणाऱ्या आपल्या हाताखालच्या पोलिसांची बाजू या अधिकाऱ्याने घेतली, आणि सरकारने त्याला गोळ्या घातल्या. शिक्षेला आधार देणारा कायदा नंतर तयार करण्यात आला. नकाराची किंमत भयंकर होती, हे यातून दिसते. पण पोलीसही नाही म्हणू शकत होते, हेही दिसते.

क्विस्लिंगला २४ ऑक्टोबर १९४५ रोजी आकेर्सहुस येथेच गोळ्या घालण्यात आल्या. क्नुट रोड मात्र १९४८ मध्ये निर्दोष सुटला आणि पुन्हा पोलीस सेवेत रुजू झाला. त्याने प्रतिकार चळवळीलाही मदत केली होती, हे न्यायालयाने त्याच्या बाजूने धरले. त्या निकालाचे समर्थन मी करू शकत नाही. लुटलेल्या मालमत्तेची सामूहिक भरपाई म्हणून ४५ कोटी क्रोनर मंजूर व्हायला १९९९ साल उजाडले. आणि अटक करणारे व गाड्या हाकणारे नॉर्वेजियनच होते, हे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी सरकारच्या वतीने कबूल करून माफी मागितली ती २७ जानेवारी २०१२ रोजी. पोलीस खात्याची स्वतःची माफी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आली.