युनियन सँ-जिलवाज: परीकथा म्हणण्याआधी

25 मे 2025 रोजी ब्रुसेल्सच्या रॉयल युनियन सँ-जिलवाज या फुटबॉल क्लबने गेन्टला 3-1 असे हरवून बेल्जियमचे लीग विजेतेपद मिळवले, आणि ‘90 वर्षांनंतर’ व ‘परीकथा’ हे दोन शब्दप्रयोग जिकडेतिकडे एकत्रच वाचायला मिळू लागले. त्यांतला पहिला हिशेबाने बरोबर आहे. दुसऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. परीकथेत राजपुत्र अचानक जागा होतो आणि मधली झोप कोणी मोजत नाही. युनियनच्या बाबतीत ही मधली वर्षेच मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण हा क्लब आज त्याच नावाने, त्याच पिवळ्या-निळ्या रंगांत खेळतो आहे याचे श्रेय 2018 नंतरच्या पैशाला किंवा संगणकाला नाही, तर त्या दरिद्री वर्षांना आहे.

आधी थोडे वैभव सांगून टाकतो. क्लबची स्थापना 1897 सालची. 1904 ते 1935 या काळात युनियनने 11 वेळा लीग जिंकली आणि 1933 ते 1935 या दरम्यान सलग 60 लीग सामन्यांत हार पत्करली नाही. तो संघ आजही ‘युनियन 60’ या नावाने ओळखला जातो; त्याचा कर्णधार ज्यूल पापार्ट याच्या नावाचा चषक बेल्जियममध्ये सर्वाधिक काळ अपराजित राहणाऱ्या व्यावसायिक क्लबला दिला जातो. ज्या अँडरलेख्तला आज आपण बेल्जियमचा सर्वांत मोठा क्लब मानतो, त्याचे पहिले विजेतेपद 1947 मधले, म्हणजे युनियनचे अकरावे पदरात पडून बारा वर्षे लोटल्यानंतरचे आहे.

या इतिहासाचा मालक कोण, हे बेल्जियममध्ये एका नोंदणी क्रमांकावरून ठरते. फुटबॉल महासंघाने 1926 मध्ये क्लबांना क्रमांक दिले: अँटवर्पला 1, ब्रुसेल्सच्याच डेअरिंगला 2, क्लब ब्रुजला 3, युनियनला 10 आणि अँडरलेख्तला 35. आपल्याकडे जमिनीचा सातबारा, तसा तिथे क्लबचा हा क्रमांक. क्लब दिवाळखोर झाला किंवा दुसऱ्यात विलीन होताना त्याने आपला क्रमांक सोडला, की त्यावर नोंदलेला वारसाही तिथेच थांबतो. नवा क्लब तेच नाव, तेच रंग घेऊन उभा राहू शकतो, पण महासंघाच्या दफ्तरात तो वेगळाच क्लब असतो. मला ही व्यवस्था आवडते. नाव आणि बोधचिन्ह यांचा बाजार करणे सोपे असते. हा रुक्ष आकडा निदान थोडा तरी प्रामाणिक राहतो.

डेअरिंगचे काय झाले ते पाहिले, की माझा मुद्दा स्पष्ट होईल. युनियन आणि मोलेनबीकचा डेअरिंग यांचे वैर ब्रुसेल्समध्ये इतके मुरलेले होते, की 1938 मध्ये रंगभूमीवर आलेले ‘बोसमान्स ए कोपेनोल’ हे विनोदी नाटक त्यावरच बेतलेले आहे. दोन मित्र, एक युनियनवेडा आणि दुसरा डेअरिंगवेडा, आणि दोघांच्या मुलांचे एकमेकांवर प्रेम. त्यातल्या मादाम शापो या पात्राचा पुतळा आजही शहराच्या मध्यवस्तीत उभा आहे. ज्या वैरावर अख्खे शहर हसले, त्यातली एक बाजू 1973 मध्ये संपली. डेअरिंग रेसिंग व्हाइट या क्लबमध्ये विलीन झाला, ‘आरडब्ल्यूडीएम’ (रेसिंग व्हाइट डेअरिंग मोलेनबीक) हे नवे नाव आले, रेसिंग व्हाइटचा 47 हा क्रमांक राहिला आणि डेअरिंगचा 2 क्रमांक इतिहासजमा झाला. धंद्याच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा नव्हता, कारण 1975 मध्ये या नव्या क्लबने लीग जिंकली. पण 2002 मध्ये तोही दिवाळखोरीत निघाला. पुढे दुसऱ्याच क्लबाचा क्रमांक घेऊन आरडब्ल्यूडीएम हे नाव परत आणले गेले. नाव परत आले, क्रमांक 2 आला नाही.

त्याच 1973 साली युनियन पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि तिथे परतायला त्याला 48 वर्षे लागली. दुसरी श्रेणी, तिसरी श्रेणी, काही काळ तर थेट चौथी. या वर्षांत सांगण्यासारखे विजय फार नाहीत, म्हणून बहुतेक लेखक ती एका वाक्यात उरकतात. परंतु या काळात युनियन कोणात विलीन झाला नाही, त्याने आपला क्रमांक सोडला नाही आणि मैदानही कायमचे सोडले नाही. हे मैदान म्हणजे ड्यूडेन पार्कच्या झाडीला लागून असलेले जोझेफ मारियें स्टेडियम. क्लब तिथे 1919 पासून खेळतो आणि 1920 च्या ऑलिम्पिकमधले काही फुटबॉल सामनेही तिथे झाले. 1926 मधला त्याचा आर्ट डेको दर्शनी भाग आता संरक्षित वारसा आहे. पैसा असता तर हे मैदान केव्हाच पाडले गेले असते, अशी मला दाट शंका आहे.

आता 2018 नंतरचा काळ. इंग्लंडच्या ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम यांनी त्या वर्षी युनियन विकत घेतला आणि अॅलेक्स मुझिओ यांच्या हाती कारभार दिला. आकडेवारीच्या आधारे, इतरांच्या नजरेतून सुटलेले खेळाडू स्वस्तात हेरायचे आणि नंतर महागात विकायचे, हे धोरण. जर्मनीच्या तिसऱ्या श्रेणीतून आणलेल्या डेनिझ उंडावने 2021-22 च्या हंगामात लीगमधले सर्वाधिक गोल केले. नॉर्वेहून आणलेला व्हिक्टर बोनिफेस वर्षभरात लेव्हरकुझेनला विकला गेला. हे सूत्र युरोपातल्या कोणत्याही क्लबला लावता आले असते, हे टीकाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्यातून ‘म्हणजे हा आता युनियन नव्हेच’ असा निष्कर्ष ते काढतात, तो मान्य नाही. मालक आणि खेळाडू बदलतच असतात. 1904 चा संघही 1935 मध्ये नव्हता. शिवाय मार्च 2021 मध्ये पहिल्या श्रेणीतला प्रवेश निश्चित झाला तो आरडब्ल्यूडीएमला हरवूनच, हा योगायोग ब्रुसेल्सच्या नाटककारांनासुद्धा अतिशयोक्त वाटला असता.

त्यानंतरच्या चार हंगामांत नियतीपेक्षा बेल्जियन लीगच्या नियमांनीच अधिक खेळ केला. तिथे त्या काळात मुख्य फेरी संपली, की आघाडीच्या संघांचे गुण निम्मे करून प्ले-ऑफ खेळवत. 2022 आणि 2024 मध्ये युनियन मुख्य फेरीत पहिला होता आणि दोन्ही वेळा क्लब ब्रुजने प्ले-ऑफमध्ये विजेतेपद हिसकावले. 2023 मध्ये शेवटच्या दिवशी सामना संपत आला तोवर विजेतेपद युनियनच्या हाती होते, पण घरच्या मैदानावर ब्रुजने तीन गोल केले आणि विजेता ठरला अँटवर्प. 2025 मध्ये मात्र मुख्य फेरीत तिसऱ्या स्थानी असलेल्या युनियनने प्ले-ऑफमधल्या 30 पैकी 28 गुण मिळवले आणि लीग जिंकली. गुण निम्मे करण्याची ही पद्धत मला अन्यायकारक वाटते आणि युनियन जिंकला म्हणून ते मत मी बदलणार नाही.

खरी कसोटी मैदानाची आहे. चॅम्पियन्स लीगमध्ये युनियनने पहिल्याच सामन्यात नेदरलँड्सच्या पीएसव्हीला त्यांच्या घरी 3-1 असे हरवले, पण स्वतःचे ‘घरचे’ सामने त्याला अँडरलेख्तच्या स्टेडियममध्ये खेळावे लागले, कारण मारियें स्टेडियम युरोपीय स्पर्धांच्या निकषांत बसत नाही. जवळच्या बेम्प्ट भागात नवे स्टेडियम बांधण्याची योजना आहे आणि काही जुन्या चाहत्यांना ती नको आहे. त्यांची भावना समजते, परंतु मारियें स्टेडियमही मुळात सँ-जिलमध्ये नाही. ते शेजारच्या फोरे या पालिकेत आहे, आणि बेम्प्टही फोरेमध्येच येते. ज्या गावाचे नाव क्लब लावतो ते त्याने फार पूर्वीच सोडले आणि तरीही तो युनियन राहिला. म्हणून जुना दर्शनी भाग जपून आणि तिथे युवा संघांचे सामने चालू ठेवून मुख्य संघ बेम्प्टला गेला, तर माझी हरकत नाही. हरकत असेल ती तिकिटांच्या दरांना. चौथ्या श्रेणीच्या दिवसांत ज्यांनी पदरमोड करून हा क्लब जिवंत ठेवला, त्यांना नव्या स्टेडियममध्ये परवडणारी जागा मिळणार आहे का, याचे उत्तर मुझिओ यांनी बांधकामाच्या परवान्याआधी द्यायला हवे.