वसईची मोहीम, गायमुखमार्गे

मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला १७३७ साली आणि वसई पडली मे १७३९ मध्ये. ठाणे ते वसई, दोन वर्षं! शाळेत हे पाठ करताना मला वाटायचं, एवढा कसला वेळ लागतो यांना? गेल्या रविवारी आम्ही सात जण ठाण्याहून वसईचा किल्ला बघून आलो, आणि चिमाजी अप्पांविषयीचा माझा आदर दुणावला. तरी त्यांच्याकडे तोफा होत्या.

ग्रुपवर ठरलं होतं की सहाला तीन हात नाका आणि सातच्या आत घोडबंदर रोड पार. हे ठरवणारा नंदू स्वतः सव्वासातला उगवला. ‘निघालोच’ हा मेसेज त्याने आंघोळीआधी टाकला होता. शमाकडे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता आणि सासूबाईंचा निरोप होता, ‘वसईला जातेस तर सुकेळी आण.’ गाडी बंड्याची, सात सीटांची. शेवटच्या रांगेत गुडघे हनुवटीला टेकवून बसावं लागतं, तिथे मी. बुटकेपणाचे हे फायदे मला बालवाडीपासून मिळत आलेत. मग शेट्या म्हणाला की उपाशीपोटी इतिहास डोक्यात शिरत नाही, म्हणून मिसळ झाली. मिसळीनंतर ताक झालं. कापूरबावडी ओलांडली तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

गायमुखच्या घाटात गाडी थांबली ती थांबलीच. मोबाईलवरचा नकाशा सांगत होता, पोचायला ५२ मिनिटं. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं, तर ५२ मिनिटं. शेजारी गुजरात पासिंगचा एक कंटेनर होता. त्याचा क्लीनर खाली उतरला. त्याने बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, तोंड धुतलं, आरशात बघून भांग पाडला. शमाने खिडकीतून त्याला दोन पुऱ्या दिल्या. त्याने केबिनमधून ओंजळभर बोरं आणून दिली. मग आमची रांग हलली. एकमेकांना हात हलवून अगदी भरल्या मनाने निरोप घेतला, आणि शंभर फुटांवर पुन्हा गाठ पडली. असे निरोप आम्ही चार वेळा घेतले. चौथ्यांदा तो नजर चुकवायला लागला.

वसईचा वेढा लांबला तेव्हा अप्पा म्हणाले होते म्हणे, ‘किल्ला हाती येत नसेल, तर मला तोफेच्या तोंडी बांधा, निदान माझं डोकं तरी आत पडू दे.’ नंदूने हे मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेला बंड्या म्हणाला, ‘तोफ कुठे मिळते ते वाच.’

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही किल्ल्यात पाऊल ठेवलं. जानेवारी असला तरी ऊन वसईचं होतं. छप्पर गेलेली चर्चं, भिंतींना मिठी मारून बसलेली पिंपळाची मुळं, कमानीतून दिसणारा आभाळाचा तुकडा. खरंच सुंदर आहे सगळं. मी एका कमानीखाली जरा गंभीर होऊन उभा राहिलो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यानंतर दोनशे वर्षं इथे प्रार्थना घुमल्या असतील, असं काहीतरी मनात येत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘काका, फ्रेममधून जरा बाजूला व्हाल?’ प्री-वेडिंग शूट. पंधरा फूट लांब गाऊन घातलेली मुलगी, आणि त्या गाऊनचं शेवटचं टोक धरून बसलेला तिचा धाकटा भाऊ. त्याच्या चेहऱ्यावर मला गायमुख दिसलं.

नंदूचं वाचन चालूच होतं. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे.

‘म्हणजे नाशिकला पोचली ती?’ बंड्याने विचारलं.

‘हो ना.’

‘कुठल्या रस्त्याने नेली ते बघ.’

मग समुद्र बघायचा की सुकेळी शोधायची, यावर वाद झाला. वसईचा तह याच गावचा. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने सही केली आणि बरंच काही इंग्रजांच्या पदरात टाकलं. आमच्या तहात समुद्र गेला. सासूबाईंपुढे कोणाचं काय चालणार? तीन गल्ल्या, दोन ‘आजच संपली बघा’ आणि एक चावरं कुत्रं, एवढ्यानंतर एका अंगणात ती मिळाली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारख्या रंगाची, वाळक्या पानात घट्ट बांधलेली जुडी. शमाने ती मांडीवर बाळासारखी घेतली. चाळीस मिनिटं बघितलेल्या किल्ल्याला गाडीतूनच नमस्कार करून आम्ही निघालो, कारण ‘संध्याकाळचं ट्रॅफिक लागायच्या आत’ पोचायचं होतं.

रात्री नऊला आम्ही गायमुखला होतो. पुऱ्या संपल्या होत्या. बोरं संपली होती. शेट्या म्हणाला, ‘एकेक सुकेळं चाखून बघायला काय हरकत आहे?’ घाट उतरेपर्यंत जुडीत तीन उरली. शमा ती पुन्हा पानात अशी बांधत होती, की जुडी भरलेली दिसावी.

‘पुढच्या महिन्यात जंजिरा!’ नंदू पुढून ओरडला.

मागच्या रांगेतून मी त्याला सांगितलं, की तो मराठ्यांना शेवटपर्यंत घेता आला नव्हता.