उजवा पाय उचला, काका

पँट उभ्याने घालायची की पलंगावर बसून, हा प्रश्न साठीपर्यंत कुणाला पडत नाही. पुढे कधीतरी माणूस गुपचूप बसतो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. माझा लागला. सौभाग्यवतीने दारातून पाहिलं, बोलली काही नाही, फक्त संध्याकाळी पुण्याला मुलीला फोन लावला. मग मुलीचा मला फोन. त्यातले 'पोक', 'बाथरूम', 'खुब्याचं हाड' आणि 'आता तुमचं वय' एवढेच शब्द माझ्या लक्षात राहिले. आठवड्याच्या आत गंगापूर रोडवरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे माझी रवानगी झाली.

तसे पुरावे आधीपासून साचत होतेच. पाहुणे आले की त्यांना रामकुंडावर न्यायचं काम माझं. पण मी पाण्यापर्यंत उतरत नाही, वर उभा राहून सगळ्यांच्या चपला सांभाळतो. "तुम्ही या जाऊन निवांत, इथे चपलांचा काही भरवसा नाही," हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतो, की शेवाळलेल्या पायऱ्यांची शंका कुणाला येत नाही. पांडवलेणीला चढायची माझी अजूनही तयारी असते. दम लागला की इतिहासात रस असल्यासारखं थांबता येतं. उतरताना मात्र इतिहास कामाला येत नाही. तिथे मांडीच्या स्नायूंना पायरीगणिक अंगाचा भार हळूहळू खाली सोडावा लागतो, आणि ते कसब चढण्यापेक्षा वेगळं, हे मला त्या फिजिओ मुलीकडून कळलं.

तिने आधी मला भिंतीला टेकून उभं केलं. टाचा भिंतीजवळ, पाठ टेकलेली, आता डोकं टेकवा.

"टेकलंय," मी म्हणालो.

तिने माझ्या डोक्यामागे हात घातला. चार बोटं ऐसपैस गेली. जन्मभर हिशेबाच्या वह्यांवर वाकलेली मान, निवृत्तीनंतर ती मोबाईलवर वाकली. सरळ व्हायला तिला फुरसतच मिळाली नव्हती. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं म्हणे. ते खांद्यांच्या वर असलं तर मान निमूट वाहते. पुढे झुकलं की मानेचे आणि पाठीचे स्नायू दिवसभर त्याला मागे ओढत बसतात. "हनुवटी सरळ मागे घ्या काका, डबल चिन आली पाहिजे." आयुष्यात प्रथमच माझ्याकडे एखादी गोष्ट मागण्याआधी तयार होती.

तोल म्हणजे काय, हेही तिने समजावलं. डोळे, कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, आणि तळपाय-घोटे, अशा तीन ठिकाणांहून मेंदूला खबर पोचते. म्हणजे तीन खात्यांच्या सह्या झाल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. वय झालं की कुणाला मोतीबिंदू, कुणाचे तळपाय मधुमेहाने बधिर, आणि सही येईपर्यंत माणूस मोरीत आडवा.

व्यायाम मात्र अगदीच बिनमानाचे. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलायच्या, हळू टेकवायच्या. एका पायाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत सरळ रेषेत चालायचं. हात न टेकवता खुर्चीतून उठायचं, आणि उठताना 'आई गं' म्हणायचं नाही, ही तिची खास अट. शेवटी एका पायावर उभं राहायचं, ओटा किंवा भिंत हाताच्या अंतरावर ठेवून. फरशी ओली नको, पायात मोजे नकोत. घाम नाही, दम नाही, त्यामुळे घरात कुणी त्याला व्यायाम मानत नाही. "झालं असेल उभं राहून तर कोथिंबीर आणा," असं ऐकावं लागतं. पॅसेजमध्ये फरशीच्या सांध्यावरून मी पाऊल-पाऊल चाललेलो असताना मावशी पोछा घेऊन खोळंबतात. मग उकिडव्या बसून सगळा पॅसेज पुसतात आणि कशालाही हात न लावता सरळ उठून जातात. 'आई गं' नाही, काही नाही.

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या आमच्या कंपूत हे मी गुप्त ठेवलं होतं. पण एका सकाळी व्हॉट्सअॅपवर आलं: दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही तर तुमचं काही खरं नाही. मूळ संशोधन ब्राझीलमधलं, २०२२ साली प्रसिद्ध झालेलं. ५१ ते ७५ वयाचे १७०२ लोक होते, आणि ज्यांना जमलं नाही त्यांचा पुढच्या काही वर्षांत मरण्याचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त निघाला. न जमणाऱ्यांमध्ये मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा मुळातच जास्त होते; वय आणि दुखणी हिशेबात धरूनही फरक उरला, पण पाय टेकला म्हणून कुणी मेलं असं त्यात नाही. हे सांगेपर्यंत इकडे परीक्षा सुरू झाली होती.

नियम तिथलेच. उचललेला पाय दुसऱ्या पोटरीमागे, हात बाजूला, नजर समोर, तीन संधी. निवृत्त बँक मॅनेजरांनी घड्याळ धरलं. वकिलांनी पाय टेकताच हरकत घेतली की वारा आला. रोज पाच फेऱ्या मारून आम्हाला हिणवणारे गृहस्थ चौथ्या सेकंदाला डुलले. नुसतं चालून तोल सुधारत नाही; पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम वेगळा करा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. ते मी त्यांना त्याच क्षणी सांगितलं, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. सगळ्यात ढेरपोटे जोशीबुवा दहा सेकंद उभे राहून वर पानाची पुडी सोडू लागले. रविवारची मिसळ त्यांच्या खात्यातून वगळण्यात आली. माझा डावा पाय पास, उजव्याला एटीकेटी.

घरी हे सांगितल्यावर सौभाग्यवती, पदर खोचून, एका पायावर उभी राहिली आणि त्याच अवस्थेत बहिणीशी फोनवर लग्नाच्या आहेराचं बोलणं पूर्ण केलं. मग म्हणाली, "अहो, रोज ओट्यापाशी उभेच असता, तर दुधाकडे बघत जा."

फिजिओनेही नजर एका जागी ठेवायला सांगितलंय, आणि दूध त्या कामी उत्तम; बराच वेळ ते जागचं हलत नाही. पंचाईत साय वर यायला लागल्यावर होते. गॅसचं बटण पलीकडच्या टोकाला, मी उजव्या पायावर, आणि सेकंद झालेले आठ. परवा मी दहा पूर्ण केले. ओटा नंतर पुसला.