मल्टी-व्हेंडर म्हणे!

पुन्हा कुणी फोनवर 'सर, आपलं सॉफ्टवेअर एकदम मल्टी-व्हेंडर आहे' म्हणालं ना, तर मी फोनच आपटणार आहे. मल्टी-व्हेंडर म्हणजे एकाच ऑनलाइन दुकानात अनेक विक्रेत्यांचा माल आणि हिशेब सांभाळणारं. दीड वर्षात हे तिसरं. तिन्हींचा डेमो झकास. का नसणार? डेमोत दोनच दुकानदार असतात, दोघंही टी-शर्ट विकतात आणि गिऱ्हाईक कधी काही परत करत नाही!

माझ्या ऑनलाइन दुकानात त्रेचाळीस विक्रेते आहेत. परवाचीच ऑर्डर घ्या. पुण्यातल्या एका बाईंनी सावंतवाडीचं कोकम आगळ, कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला आणि सांगलीचे सांडगे एकत्र मागवले. तीन गावं, तीन पार्सलं. आणि या दिवट्या सॉफ्टवेअरनं कुरिअरचा खर्च लावला एकाच पार्सलचा! बाकीच्या दोघांचे कुणाच्या खिशातून गेले, सांगायला नको. त्यात आगळाची बाटली फुटली. तेवढ्या बाटलीचेच पैसे परत करायची सोय नाही; रिफंड द्यायचा तर अख्ख्या ऑर्डरचा, नाहीतर नाहीच. त्यात सांडगेवाल्या काकूंचे पैसे अडकले. त्यांचा रोज फोन, 'अरे, माल मिळाला ना त्यांना? मग माझे पैसे का रे अडवून ठेवलेस?' काय सांगू? काकू, तुमचे सांडगे आगळात भिजले?

टॅक्सचा तर आनंदच. विक्रेत्याच्या रकमेतून आम्ही सरकारसाठी जो टीसीएस, म्हणजे जीएसटीतला आगाऊ कर, कापतो, तो १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्यावर आला. ह्या सॉफ्टवेअरमध्ये अजून एकच टक्का ठोकलेला, आणि तोही पापडावर! अहो, पापडावर जीएसटीच नाही! दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८, म्हणजे ह्या टीसीएसचा हिशेब, भरायचा म्हणून रात्री दोन वाजता मी एक्सेलमध्ये तेच आकडे हातानं सुधारत बसतो. मग ह्यांना पैसे कशाचे मोजतो?

१ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्यातल्या राज्यात आमच्यासारख्यांकडून माल विकता येतो; पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेतला की झालं. बचत गटातल्या बायकांची केवढी सोय! पण ह्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या फॉर्मात जीएसटी नंबरपुढे लाल चांदणी. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. तक्रार केली की, 'नोटेड सर, रोडमॅपवर आहे.' आठ महिने रोडमॅपवरच आहे. खड्ड्यात अडकलं असणार.

बिल तर बघवत नाही. 'थालीपीठ भाजणी' छापलं की वेलांटी एकीकडे, काना दुसरीकडे, मध्ये दोन रिकामे चौकोन. सपोर्टवाला म्हणतो, 'सर, नावं इंग्लिशमध्ये टाका ना.' का? भाजणी काय लंडनहून येते?

उद्या ११ वाजता चौथ्याचा डेमो आहे. टी-शर्ट दाखवूच नको म्हणणार. आधी 'थालीपीठ' टाइप कर आणि बिल काढून दाखव.