‘१० टक्के कॉपी चालते’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं वाचा

थिसिस सबमिट करायचे दिवस आले की पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) १० टक्क्यांपर्यंत कॉपीला परवानगी दिलीये, टक्का वर गेला तर शब्द बदला, मराठीत लिहीत असाल तर टेन्शनच नको कारण सॉफ्टवेअरला मराठी कळत नाही, शेवटी ग्रंथांची यादी भरपूर लांब द्या म्हणजे व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कोणी काही विचारत नाही, आणि स्वतःचं आधी छापून आलेलं कितीही वापरा, ते आपलंच असतं. मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, सिमिलॅरिटी रिपोर्ट (थिसिसचा किती टक्के मजकूर दुसऱ्या लिखाणाशी जुळतो ते सांगणारा सॉफ्टवेअरचा अहवाल) काढायचं काम माझ्याच टेबलावर येतं, आणि हा मेसेज खरा धरून चांगली चांगली मुलं स्वतःचं कसं नुकसान करून घेतात ते मी दर वर्षी बघते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

१० टक्क्यांचं आधी. नियम २०१८चा आहे. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रतसुद्धा देता येत नाही, आणि ६०च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. यात परवानगी हा शब्द कुठेही नाही. किरकोळ साम्य राहतंच कारण संस्थांची नावं, कायद्यांची नावं, ठरलेल्या संज्ञा सगळ्यांच्या लिखाणात त्याच असणार, त्यासाठी ती सूट आहे. २०० पानांच्या थिसिसमध्ये १० टक्के म्हणजे २० पानं होतात, कोणाची तरी २० पानं उचलायला नियमाने हो म्हटलंय असं समजायचं का? आणि मेसेजमध्ये जे गाळलंय ते तर जास्त महत्त्वाचं आहे: गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी हा जो तुमचा स्वतःचा भाग आहे त्यात साम्य असताच कामा नये असं त्याच नियमात लिहिलंय, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं किंवा सर्वसामान्य माहितीचं तेवढं सोडलंय. म्हणजे एकूण टक्का ८ आला आणि ते ८ सगळे निष्कर्षाच्या प्रकरणात असले तर तुम्ही सुटलात असं अजिबात नाही.

उलट बाजूही सांगते. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर हे सगळं मोजणीतून वगळायचं असतं. त्यामुळे पहिल्या फटक्यात ३० टक्के दिसले म्हणून रडायला लागायचं कारण नाही, आधी वगळायचं ते वगळून परत बघायचं. (एकेरी अवतरणचिन्ह टाकलं असेल तर काही सॉफ्टवेअर ते अवतरण म्हणून धरतच नाहीत, दुहेरी टाका, एवढ्यानेही फरक पडतो.)

आता शब्द बदला हा सल्ला, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्याच नियमात वाङ्मयचौर्य म्हणजे काय ते दिलंय, दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून मांडणं. कल्पनासुद्धा. म्हणजे ओळीतला प्रत्येक शब्द बदलला तरी विचार ज्याचा आहे त्याचं नाव द्यावंच लागतं. पण मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एक मुलगी रिपोर्ट घेऊन आली, २३ टक्के, आणि तिला कोणीतरी सांगितलं होतं की समानार्थी शब्द टाक, टक्का खाली येईल. तिचा विषय ग्रामीण रोजगार. तिने ‘भूमिहीन शेतमजूर’ जिथे जिथे होतं तिथे ‘जमीन नसलेला शेतकरी’ करून टाकलं होतं, सव्वाशे पानांत. आता जनगणनेत शेतकरी वेगळा मोजतात आणि शेतमजूर वेगळा मोजतात, तिचे सगळे तक्ते त्या फरकावर उभे होते, आणि शब्द बदलल्यावर तक्ते एक सांगत होते आणि मजकूर दुसरंच. तीन वर्षं गावोगाव फिरून गोळा केलेलं काम, तिने स्वतःच्या हाताने बिघडवलं, कशासाठी तर एक आकडा खाली यावा म्हणून.

आपल्या शब्दांत लिहायचं तर पुस्तक मिटा. जे समजलं ते न बघता लिहा, मग पुस्तक उघडून ताडून बघा आणि तिथेच, त्याच बसणीत, लेखक, आवृत्ती आणि पान नंबर टिपून ठेवा. आवृत्ती यासाठी म्हणते की मराठी पुस्तकांची पानं आवृत्तीगणिक सरकतात, पहिल्या आवृत्तीतलं ११२वं पान तिसरीत १३०वर सापडतं, आणि नुसता पान नंबर दिला तर वाचणारा शोधून शोधून थकतो.

मराठीचं. सॉफ्टवेअर मराठीत कमी पडतं हे खरं आहे, इंटरनेटवर मराठी पुस्तकं फारशी नाहीत आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं टायपिंग असेल तर त्याला अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. पण म्हणून इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण भाषांतर करून नाव न देता टाकलं तर ती चोरी राहत नाही का? मशीनला सापडलं नाही एवढंच. थिसिस नंतर शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो, तिथे त्या विषयातला कोणीही माणूस वाचू शकतो, आणि ज्याने मूळ पुस्तक वाचलंय त्याला दोन पानांत कळतं. डिग्री मिळाल्यानंतर सिद्ध झालं तर डिग्री स्थगित ठेवायची तरतूद आहे, हेही मेसेजमध्ये नाही. आणि मराठीत संशोधन करणाऱ्यांनी तरी ‘आपल्याला कोण तपासतंय’ असं म्हणू नये. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७चा असं एकेकाळी सर्रास लिहिलं जायचं, सगळ्यांना ते ‘माहीत’ होतं. मग लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार घटनांची जुनी नोंद, प्रसिद्ध केली, त्यात नोंद निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले आणि ते होऊ शकले कारण दोन्ही बाजूंचे लोक आपण कुठल्या कागदावरून बोलतोय ते सांगत होते. ‘इतिहासकारांच्या मते’ एवढंच लिहून ठेवलं असतं तर ताडायचं कशाशी?

लांब यादीबद्दल. न वाचलेलं पुस्तक यादीत घालणं हे कॉपीपेक्षा कमी वाईट आहे असं लोकांना वाटतं, मला नाही वाटत. १९८० मध्ये एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं होतं, की हॉस्पिटलात अफूवर्गी वेदनाशामक औषधं दिलेल्या ११,८८२ पेशंटपैकी आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे. ते पत्र पुढे ६०८ वेळा उद्धृत झालं आणि २०१७ मध्ये संशोधकांनी तो प्रत्येक संदर्भ उघडून बघितला. ८० टक्क्यांहून जास्त जणांनी हे पेशंट हॉस्पिटलात दाखल होते, देखरेखीखाली होते हे सांगितलंच नव्हतं. घरी बसून महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही, तरी त्याच्याच आधारावर व्यसन क्वचितच लागतं असं लिहिलं गेलं, आणि अमेरिकेत या गोळ्यांनी पुढे किती माणसं गेली ते आपण वाचलंय. तिथे संदर्भाचं नाव बरोबर होतं, साल बरोबर होतं. पाच वाक्यं वाचायचे कष्ट तेवढे घेतले गेले नाहीत. म्हणून मूळ हाताला लागलं नसेल तर जे वाचलं त्याचंच नाव द्या आणि ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही. एआयकडून यादी करून घेतलीत तर त्यात अस्तित्वातच नसलेली पुस्तकं येतात, २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात असेच खोटे निकाल दाखल केले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झालाय.

स्वतःचं लिखाण कितीही वापरा हे तर सरळ चूक आहे, यूजीसीने २०२० मध्ये त्यावर वेगळी सूचना काढलीये. स्वतःचा पेपर असला तरी आधी कुठे छापून आला ते सांगायचं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही तिची जुनी फाईल परत उघडली, शब्द बदलण्याआधीची, आणि रिपोर्टमध्ये रंगवलेली ओळ न्‌ ओळ दोघींनी मिळून बघितली, दोन दुपारी गेल्या. २३ मधलं बरंचसं सरकारी अहवालातली अवतरणं आणि संदर्भसूची निघाली, ते वगळल्यावर ७ उरले. त्या सातमध्ये दोन परिच्छेद असे होते की ते कुठून आले तिलाच आठवेना, जुन्या वहीत नुसते उतरवून ठेवलेले. एकाचं पुस्तक आमच्याच कपाटात सापडलं, तळटीप घातली. दुसऱ्याचं नाही सापडलं, तेव्हा तिने तो परिच्छेद काढून टाकला.